मुलांना जोखणारा माणूस : आल्फ्रेड बिने

मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात आल्फ्रेड बिने या नावाला जेमतेम दीड पान मिळते. फ्रान्समधील मानसशास्त्रज्ञ, 1905 साली सायमनच्या साहाय्याने बुद्धिमापनाची पहिली व्यवहारोपयोगी कसोटी तयार केली, 1908 व 1911 साली तिच्यात सुधारणा केल्या. एवढे पाठ केले की टीप लिहून होते आणि गुणही पदरात पडतात. यंदा तृतीय वर्षाला चिकित्सा मानसशास्त्राचा पेपर घेतला आणि त्या निमित्ताने या माणसाचे चरित्र खोलात जाऊन वाचले, तेव्हा ध्यानात आले की त्या दीड पानात कसोटी आहे, पण माणूस राहून गेला आहे. आणि माणूस राहून गेला की त्याची कसोटी कशी वापरावी, हेही राहून जाते.

चिकित्सा मानसशास्त्राचे जनकत्व सामान्यतः लाइटनर विटमर याला दिले जाते. त्याने 1896 साली अमेरिकेत, फिलाडेल्फियाच्या विद्यापीठात, पहिले मानसशास्त्रीय चिकित्सालय उघडले आणि 1907 साली या शाखेला तिचे नाव दिले. त्याचा मान त्याला आहेच. परंतु ही शाखा ज्या चार खांबांवर उभी आहे ते संशोधन, निदान, मापन आणि नीती हे चारही खांब एकाच आयुष्यात उभे राहताना पाहायचे असतील, तर बिनेकडेच जावे लागते. त्यातही विशेष हे की, नीतीचा खांब त्याने एका मोठ्या फजितीतून उभा केला.

बिनेचा जन्म 8 जुलै 1857 रोजी नीस या गावी झाला. त्या वेळी नीस सार्डिनियाच्या राज्यात होते. 1860 साली ते फ्रान्सकडे आले. वडील डॉक्टर, आई चित्रकार. आईवडिलांचे पटले नाही, दोघे वेगळे झाले आणि आल्फ्रेड आईजवळ वाढला. वडिलांविषयी एक आठवण सांगितली जाते. मुलगा भित्रा आहे, त्याची भीड मोडावी म्हणून त्यांनी त्याला प्रेताला हात लावायला लावला. भीती गेली नाहीच, उलट मनात घर करून बसली. पुढे मुलांना कसे वागवावे यावर आयुष्यभर लिहिणाऱ्या माणसाचे बालपण असे होते.

पंधराव्या वर्षी आईने त्याला पॅरिसला आणले. नामांकित शाळेत शिक्षण झाले. 1878 साली त्याने कायद्याची पदवी घेतली, पण वकिलीत मन रमेना. वैद्यकाचा अभ्यास सुरू केला, तोही सोडला. घरची परिस्थिती बरी असल्यामुळे पोटाची चिंता नव्हती. तो पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात जाऊन बसू लागला आणि हाताला लागतील ती मानसशास्त्राची पुस्तके वाचू लागला. त्याला ना गुरू होता, ना प्रयोगशाळा. 1880 साली, तेविसाव्या वर्षी, स्पर्शाच्या संवेदनेवर त्याचा पहिला लेख प्रसिद्ध झाला. लगेच बेल्जियममधील देल्बफ नावाच्या विद्वानाने दाखवून दिले की यातले बरेचसे आधीच सांगून झालेले आहे आणि उरलेले तपासून पाहिलेले नाही. देल्बफचे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे. तो पुन्हा येणार आहे.

1883 च्या सुमारास बिने साल्पेट्रिएर या पॅरिसच्या प्रचंड रुग्णालयात जाऊ लागला. शार्को या विख्यात मज्जाविकारतज्ज्ञाचे तेथे राज्य होते. उन्मादाच्या रुग्ण स्त्रियांना संमोहित करून शार्को त्यांची लक्षणे भरसभेत दाखवीत असे आणि ती पाहायला डॉक्टरांप्रमाणेच लेखक-कलावंतही येत. बिने या वलयात ओढला गेला. शार्ल फेरे या डॉक्टराबरोबर त्याने संमोहित स्त्रियांवर लोहचुंबकाचे प्रयोग केले. डाव्या हाताचा लुळेपणा चुंबक जवळ नेताच उजव्या हातात जातो, दुःखी चेहरा चुंबकाने हसरा होतो, असे त्यांना दिसले. 1885 साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि दोघांनी त्यांचा मोठ्या आवेशाने पुरस्कार केला.

येथे देल्बफ पुन्हा आला. तो स्वतः साल्पेट्रिएरला गेला आणि प्रयोग कसा होतो ते त्याने डोळ्यांनी पाहिले. भला मोठा चुंबक रुग्णाच्या समोरच हलवला जात होता आणि आता काय होणार ते तिच्या कानांवर पडेल अशा आवाजात बोलले जात होते. संमोहित बाईला काही कळत नाही, असे प्रयोग करणारे धरून चालले होते. देल्बफने घरी परतून, रुग्णाला कळणार नाही अशी खबरदारी घेऊन, तेच प्रयोग केले. चुंबकाचा परिणाम नाहीसा झाला. म्हणजे चुंबक काहीच करीत नव्हता. डॉक्टरांच्या मनात जे होते तेच ती बाई करून दाखवीत होती.

बिनेने सुरुवातीला वाद घातला. पुढे मात्र पुरावा इतका झाला की त्याला जाहीरपणे माघार घ्यावी लागली. तिशीतल्या, नाव मिळवू पाहणाऱ्या संशोधकाला हा घाव किती लागला असेल याची कल्पना करता येते. 1890 च्या सुमारास त्याने साल्पेट्रिएर सोडले. एखादा माणूस यानंतर वकिलीकडे वळला असता. बिनेने मात्र त्या फजितीतून एक धडा घेतला आणि तो जन्मभर सोडला नाही. माणसाला तपासताना तपासणारा बाहेर उभा राहत नाही. त्याची अपेक्षा, त्याचा आवाज, त्याचा चेहरा, सारे काही तपासणीत शिरते. हा विषय त्याने इतका मनावर घेतला की 1900 साली सूचनवशतेवर, म्हणजे दुसऱ्याच्या सुचवण्याला मन कसे बळी पडते यावर, त्याने स्वतंत्र ग्रंथच लिहिला.

दरम्यान संसार मांडला होता. 1884 साली गर्भविज्ञानाचे प्राध्यापक बालबियानी यांची मुलगी लोर हिच्याशी त्याचा विवाह झाला. मादलेन आणि अलीस या दोन मुली झाल्या. रुग्णालय सुटल्यावर हातात प्रयोगशाळा नव्हती, तेव्हा घर हीच प्रयोगशाळा झाली. पण येथे मोठे चुंबक नव्हते आणि पाहायला जमलेले प्रेक्षकही नव्हते. मुली चालायला कशा शिकतात, रेघांची लांबी कशी ताडून पाहतात, शब्द ऐकल्यावर त्यांना काय आठवते, अशा साध्या गोष्टी तो वर्षानुवर्षे टिपत राहिला. मादलेन चालायला शिकताना आधार पाहून, जपून पाऊल टाकी. अलीस हसत, डोलत, कुठे पोचायचे याची फिकीर न करता निघे. दोघी एकाच घरातल्या, दोघी हुशार, पण मनाची घडण निराळी. हे सारे पुढे 1903 साली बुद्धीच्या प्रायोगिक अभ्यासावरील त्याच्या ग्रंथात आले. मुलींची नावे त्याने त्यात बदलून घातली.

या घरगुती प्रयोगांतून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघाला. त्या काळी इंग्लंडमध्ये गाल्टन व त्याचे अनुयायी बुद्धी मोजण्यासाठी डोळ्यांची व कानांची तीक्ष्णता आणि प्रतिक्रियेचा वेग मोजत असत. बिनेच्या मुली या साध्या कसोट्यांत जवळजवळ मोठ्या माणसांच्या बरोबरीने उतरत. फरक पडे तो समजून घेणे, अर्थ सांगणे, चूक ओळखणे, विचार एका दिशेने धरून ठेवणे अशा गुंतागुंतीच्या कामांत. तेव्हा बुद्धी पाहायची तर येथेच पाहायला हवी, हे त्याच्या मनाने घेतले.

1891 साली एका रेल्वे स्टेशनवर त्याची गाठ आंरी बोनी यांच्याशी पडली. बोनी सॉर्बोनमधील मानसशास्त्रीय प्रयोगशाळेचे संचालक. बिनेने तेथल्या तेथे त्यांच्या प्रयोगशाळेत काम मागितले आणि बिनपगारी पत्करले. काही वर्षांत तो तिचा संचालक झाला आणि मरेपर्यंत त्या पदावर राहिला. 1894 साली कीटकांच्या मज्जासंस्थेवर त्याने डॉक्टरेट मिळवली आणि 1895 साली बोनींच्या जोडीने फ्रान्समधील पहिले मानसशास्त्रीय वार्षिक सुरू केले. एवढे करूनही विद्यापीठाने त्याला प्राध्यापकपद दिले नाही. दोनदा त्याने अर्ज केला आणि दोन्ही वेळा जागा दुसऱ्याला मिळाली. फावल्या वेळात तो नाटके लिही. वेड्यांच्या इस्पितळातील थरारक प्रसंगांवरची ही नाटके पॅरिसच्या रंगभूमीवर झालीही. कोरडा आकडेमोड्या अशी त्याची मूर्ती डोळ्यांसमोर आणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

याच काळात त्याने जॅक इनोदी या विलक्षण गणिती माणसाचा अभ्यास केला. इनोदी उत्तर इटलीतला मेंढपाळ. मेंढरे राखता राखता तो मनातल्या मनात हिशेब करायला शिकला. अक्षरओळख झाली ती विशीत. प्रचंड संख्यांचे गुणाकार तो तोंडी सांगे आणि आकडे त्याला दिसत नसत, ऐकू येत असत. शाळेच्या फूटपट्टीने मोजला असता तर हा माणूस निरक्षर एवढीच नोंद झाली असती.

डोके मोजून बुद्धी कळते, असे त्या काळी मोठमोठे विद्वान मानीत. बिनेनेही शाळा-शाळांतून मुलांची डोकी मोजली. हुशार आणि मागासलेल्या मुलांच्या डोक्यांत फरक निघाला तो एखाद-दुसऱ्या मिलिमीटरचा. दुसरा कोणी असता तर तेवढ्यावर सिद्धान्त उभा केला असता. बिनेला शंका आली ती स्वतःचीच. हे मूल मागासलेले आहे हे आधीच ठाऊक असल्यामुळे आपला हात नकळत पट्टी घट्ट तर ओढत नाही ना? त्याने तीच डोकी पुन्हा मोजून पाहिली आणि आपली अपेक्षा मापात उतरते हे त्याला पडताळता आले. तेही त्याने छापून टाकले. साल्पेट्रिएरचा धडा असा उपयोगी पडला.

आता त्या प्रसिद्ध कसोटीकडे येऊ. फ्रान्समध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाल्यापासून सर्व थरांतली मुले शाळेत येऊ लागली आणि काहींना वर्गाबरोबर जाता येत नाही हे दिसू लागले. 1904 साली शिक्षण मंत्रालयाने अशा मुलांसाठी एक आयोग नेमला. बिने त्याचा सभासद होता. मुलाला विशेष वर्गात घालण्यापूर्वी त्याची तपासणी झालीच पाहिजे, असे ठरले. पण तपासायचे कसे? पेरे-व्होक्ल्यूझ येथील मनोरुग्णालयातला तरुण डॉक्टर तेओदोर सिमों त्याला काही वर्षांपूर्वी येऊन मिळाला होता. हाच आपल्या पाठ्यपुस्तकातला सायमन. दोघांनी जुने दाखले तपासले तेव्हा थक्क करणारी गोष्ट दिसली. एकाच मुलाला एका डॉक्टराने एका वर्गात टाकले होते, तर दुसऱ्याने भलत्याच वर्गात. मंदपणाच्या पायऱ्यांची नावे सर्वांना पाठ होती. पण कोणत्या खुणेवरून कोणते नाव द्यायचे याचा मेळ नव्हता. निदान मुलाचे होत नव्हते. दाखल्यात दिसत होती ती डॉक्टराची सवय.

मी काष्टीची आहे. श्रीगोंदा तालुक्यातले आमचे गाव जनावरांच्या बाजारासाठी दूरवर ओळखले जाते. लहानपणापासून वडिलांबरोबर बाजारात उभी राहिले असल्यामुळे बिनेची ही अडचण मला पुस्तकापेक्षा बाजारातून लवकर समजली. खोंड आदत आहे, दुसा आहे, चौसा आहे की जुळलेला आहे, हे दात पाहून सांगता येते. त्यात दहा दलालांचे दहा अंदाज होत नाहीत, कारण खूण ठरलेली आहे. पण बैल कामाला कसा आहे, हे दातांवरून कळत नाही. त्यासाठी त्याला चालवून पाहतात, खुरे पाहतात, जमल्यास गाडीला जुंपून पाहतात. तरीही जाणता शेतकरी म्हणतो की खरे काय ते शेतात कळेल. बिने-सिमों यांना मुलांसाठी पक्की खूण हवी होती आणि ती खूण म्हणजे सारे मूल नव्हे, याचे भानही ठेवायचे होते.

1905 साली त्यांनी तीस प्रश्नांची श्रेणी प्रसिद्ध केली. सोप्यापासून कठिणाकडे तिची चढण होती. पेटलेल्या काडीमागे नजर फिरते का, कागदात गुंडाळलेली गोळी कागद काढून खाता येते का, येथून सुरुवात. पुढे वस्तूंची नावे, तीन आकडे ऐकून पुन्हा म्हणणे, दोन वजनांतले जड ओळखणे, दोन वस्तूंमधला फरक सांगणे आणि शेवटी अमूर्त शब्दांतला भेद. 1908 साली हे प्रश्न वयांप्रमाणे लावले गेले. तीन वर्षांची बहुतेक मुले जे करतात ते तिसऱ्या वर्षाच्या खणात, सहाची करतात ते सहाच्या. मूल कुठल्या खणापर्यंत पोचते ती त्याची मानसिक पातळी. आज आपण ज्याला मानसिक वय म्हणतो त्याचा हा उगम. कोणत्या वयाला कोणता प्रश्न, हे दोघांनी टेबलाशी बसून ठरवले नाही. शाळांतून मुलांना प्रत्यक्ष विचारून ठरवले.

त्याहून मोलाच्या मला वाटतात त्या त्यांनी घालून दिलेल्या अटी. खोली शांत असावी. मूल एकटे असावे. त्याचे आपुलकीने स्वागत करावे. ते बुजलेले असेल तर आधी बुजरेपणा जाऊ द्यावा. धीर द्यावा, पण उत्तर सुचवू नये. रागवू नये. प्रश्न सर्वांना एकाच शब्दांत विचारावा. ज्याने एकेकाळी रुग्णासमोर मोठ्याने बोलून आपलेच उत्तर तिच्याकडून काढून घेतले होते, त्याच माणसाने हे नियम लिहिले आहेत, हे लक्षात घेतले म्हणजे त्यांचे वजन कळते.

दुसरी अट अशी की कसोटी एकटी चालायची नाही. डॉक्टराने शरीर पाहावे, शिक्षकाने शाळेतील ज्ञान पाहावे आणि मानसशास्त्रज्ञाने समज पाहावी. ज्याची दृष्टी अधू आहे, कान अधू आहेत, जो आजाराने वा दारिद्र्याने शाळेला मुकला आहे, त्याला मंद म्हणण्याची घाई करू नये. खोडकर मुलगा वर्गातून काढण्यासाठी शिक्षक या कसोटीचा आडोसा घेतील, हीही भीती त्याला होती. 1910 साली बेल्जियममध्ये देक्रोली आणि देगां यांनी सुखवस्तू घरांतल्या मुलांना ही कसोटी दिली, तेव्हा ती मुले पॅरिसच्या मुलांपेक्षा सुमारे दीड वर्षाने पुढे निघाली. बिनेने यातून बेल्जियन मेंदू मोठा असा अर्थ काढला नाही. आपली पॅरिसची मुले गरीब वस्तीतली होती आणि भाषेच्या प्रश्नांवर घरच्या भाषेचा परिणाम होतो, हे त्याने ओळखले.

बुद्धी ही लांबीसारखी मोजता येणारी वस्तू नाही, हे तो स्पष्ट सांगे. आपण करतो ते केवळ क्रम लावणे आहे. आज हे मूल कोठे उभे आहे एवढेच त्यातून कळते, उद्या कोठे असेल ते नव्हे. 1909 साली मुलांविषयीच्या नव्या विचारांवर त्याने शिक्षक-पालकांसाठी एक पुस्तक लिहिले. बुद्धी जन्मतः ठरलेली असते व वाढत नाही या समजावर तो त्यात तुटून पडला. परीक्षकाने आपल्यालाच एकदा तुला तत्त्वज्ञान कधी जमणार नाही असे सुनावले होते, हेही त्याने त्यात सांगून टाकले आहे. पॅरिसच्या कामगार वस्तीतील एका शाळेत मुख्याध्यापक व्हाने यांच्या साहाय्याने त्याने 1905 सालीच शैक्षणिक प्रयोगशाळा उघडली होती. मागे पडलेल्या मुलांना तेथे मनाचे व्यायाम दिले जात. काही क्षण पुतळ्यासारखे उभे राहायचे, क्षणभर दाखवलेल्या चित्रातल्या वस्तू आठवून सांगायच्या. वाकलेले हाडही योग्य व्यायामाने सरळ होते, तसे लक्ष आणि स्मरणही वाढवता येते, असा त्याचा विश्वास होता. कसोटी ही त्याच्या दृष्टीने या शाळेचे दार होती. दार उघडून आत काही नसेल, तर मुलाला तपासण्याचा अधिकार कोणाला पोचतो?

1909 च्या कायद्याने फ्रान्समध्ये विशेष वर्ग सुरू झाले. 1911 साली कसोटीची तिसरी आवृत्ती निघाली आणि त्याच वर्षी 18 ऑक्टोबरला, वयाच्या अवघ्या चोपन्नाव्या वर्षी, बिने पॅरिसमध्ये वारला.

त्याच्यामागे त्याच्या कसोटीचे काय झाले, हे सांगितल्यावाचून हे चरित्र पुरे होत नाही. 1912 साली जर्मनीत विल्यम स्टर्न याने मानसिक वयाला प्रत्यक्ष वयाने भागले. या भागाकाराला पुढे शंभराने गुणण्याची रीत पडली आणि बुद्धिगुणांक जन्माला आला. अमेरिकेत व्हाइनलँड येथील मंदमती मुलांच्या संस्थेत हेन्री गॉडर्ड याने कसोटीचे भाषांतर केले. 1916 साली स्टॅनफर्ड विद्यापीठात लुइस टर्मन याने तिची मोठी सुधारित आवृत्ती काढली. हे दोघेही बुद्धी वंशपरंपरेने ठरते असे मानणारे होते. बोटीतून लांबचा प्रवास करून आलेल्या, इंग्रजीचा गंध नसलेल्या स्थलांतरितांना गॉडर्डच्या माणसांनी बंदरावरच कसोट्या देऊन मंद ठरवले. पुढे तर कळस झाला. व्हर्जिनियातील कॅरी बक या तरुणीचे मानसिक वय नऊ ठरवून, 1927 साली सर्वोच्च न्यायालयाच्या संमतीने तिची सक्तीने नसबंदी करण्यात आली. ही मुलगी शाळेत नीट शिकत होती, हे पुढे तिच्या शाळेच्या नोंदींवरून दिसून आले. बिनेने मदतीसाठी केलेले साधन असे शिक्षेसाठी वापरले गेले. सिमों 1961 पर्यंत जगला. बुद्धिगुणांकाने आपल्या कसोटीच्या हेतूचा घात केला, असेच तो अखेरपर्यंत मानीत असे.

आपल्याकडे ही कसोटी आणण्याचे श्रेय ज्यांना आहे त्यांत डॉ. व्ही. व्ही. कामत यांचे नाव अग्रभागी आहे. तेव्हाच्या मुंबई इलाख्यात असलेल्या धारवाड येथे त्यांनी कानडी आणि मराठी मुलांसाठी बिनेच्या कसोटीची आवृत्ती तयार केली. तिची माहिती 1934 साली प्रसिद्ध झाली आणि 1940 साली भारतीय मुलांच्या बुद्धिमापनावरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक निघाले. अशा कामात केवळ भाषांतर करून भागत नाही. फ्रेंच मुलाला ठाऊक असलेली नाणी आणि चित्रे येथल्या मुलाला ठाऊक नसतात. शब्द बदलला की प्रश्नाची अवघडताही बदलते आणि कोणता प्रश्न कोणत्या वयाचा हे येथल्या मुलांवरच पुन्हा ठरवावे लागते. बिने-कामत चाचणी या नावाने ती आजही देशातल्या अनेक चिकित्सालयांत वापरली जाते. पुढे नागपूरला डॉ. ए. जे. मालिन यांनी वेक्सलरच्या कसोटीची भारतीय आवृत्ती केली आणि व्हाइनलँडच्याच सामाजिक परिपक्वतेच्या मापाचेही भारतीय रूप तयार केले. 1992 च्या कायद्याने स्थापन झालेल्या भारतीय पुनर्वास परिषदेकडे चिकित्सा मानसशास्त्रज्ञांची नोंदणी होते. म्हणजे साधने आहेत, माणसे आहेत, कायदाही आहे. तरी बिनेची काळजी संपली आहे असे मला वाटत नाही.

त्याचे कारण सांगते. आमच्या भागात दिवाळीनंतर ऊसतोड कामगारांच्या टोळ्या येतात. शिवारात कोप्या पडतात आणि मुलांची शाळा अर्ध्यावर तुटते. अशाच एका कोपीतली नऊ वर्षांची मुलगी गेली दोन वर्षे माझ्या ओळखीची आहे. तिला वाचता येत नव्हते, हाक मारली तरी ती लवकर ओ देत नसे. कोणीतरी सांगितले म्हणून आईवडील एका दिवसाची मजुरी बुडवून तिला शहरात तपासायला घेऊन गेले; मी बरोबर होते. दाराशी गर्दी होती, दार उघडेच होते. तपासणाऱ्याने पुस्तकी मराठीत भराभर प्रश्न विचारले. मुलगी आईच्या पदराआड गप्प उभी राहिली. थोड्याच वेळात कागद हाती आला, त्यावर एक आकडा होता. बापाला आकडा वाचता आला नाही. त्याने मला विचारले, पोरगी पास झाली का?

हीच मुलगी संध्याकाळी बापाने तोडलेल्या मोळ्यांचा हिशेब तोंडी ठेवत असे आणि मुकादमाची चूक धरत असे. गावातल्या डॉक्टरांनी कान पाहिले तेव्हा दोन्ही कान जुनाट वाहत असल्याचे निघाले. औषधोपचार झाले. काही महिन्यांनी दुसऱ्या ठिकाणी एका ताईंनी तिला पुन्हा तपासले. त्या जमिनीवर तिच्याशेजारी बसल्या, आधी उसाच्या, मग शेळीच्या गोष्टी काढल्या, ती बोलती झाली तेव्हा कुठे पेटी उघडली. या वेळी निघालेला आकडा मी मुद्दामच येथे देत नाही, कारण ताईंनीही तो आईवडिलांना आधी सांगितला नाही. मुलीला काय येते, काय येत नाही आणि आता काय करायचे, हे त्यांनी त्यांच्याच बोलीत समजावून सांगितले. तिचे लिखाण-वाचन वयाच्या मानाने मागे आहे, हे त्यांनी लपवले नाही. पण त्यासाठी रोज काय घ्यायचे, याची यादी त्यांनी सोबत दिली.

त्या ताईंनी बिनेचे चरित्र वाचले असेल की नाही, मला ठाऊक नाही. परंतु त्या करीत होत्या ते सारे शंभरांहून अधिक वर्षांपूर्वी पॅरिसमधल्या त्या भिडस्त माणसाने सांगून ठेवले होते. संशोधन म्हणजे आधी आपल्या स्वतःच्या अपेक्षेवर संशय घेणे. निदान म्हणजे नाव देण्यापूर्वी कान, डोळे, पोट आणि घर पाहणे. मापन म्हणजे आज मूल कोठे उभे आहे ते सांगणे. आणि नीती म्हणजे, मापाच्या पुढे मदत नसेल तर माप न घेणे.

आपल्या कला शाखेतून बाहेर पडणाऱ्यांपैकी चिकित्सा मानसशास्त्रज्ञ होतील ते थोडेच. शिक्षक, ग्रामसेवक, अंगणवाडीच्या पर्यवेक्षिका आणि आईबाप होणारे पुष्कळ. कुणाला ढ म्हणायचे, कुणाला तपासायला धाडायचे आणि परत आलेला कागद घरच्यांना कसा वाचून दाखवायचा, हे याच मंडळींच्या हाती राहणार आहे. हातात असा कागद आला की त्यावरचा आकडा वाचण्याआधी दोन गोष्टी विचाराव्यात. हे मूल कोणत्या भाषेत, कोणापुढे, कशा खोलीत तपासले गेले? आणि आता उद्या सकाळपासून त्याला काय शिकवायचे? या दोन प्रश्नांची उत्तरे नसतील, तर तो कागद अपुरा आहे असे बेधडक समजावे. खुद्द कसोटी करणाऱ्यानेही तसेच समजले असते.